छान् की षान्? ‘झेन’च्या मूळ चिनी अक्षराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानीत ज्याला झेन म्हणतात, त्या ध्यानमार्गी बौद्ध पंथाच्या नावाचं मूळ चिनी अक्षर एकच आहे. पण त्याचे उच्चार दोन, आणि दोन्हींचे अर्थ एकमेकांपासून कोसभर लांब. बहुतेक चुका हे एकच गृहीत धरल्यामुळे होतात. खाली चिनी उच्चार देवनागरीत दिले आहेत. पुढचा आकडा सुराचा आहे: १ म्हणजे उंच आणि सपाट, २ चढता, ३ खाली दबलेला, ४ झपकन उतरणारा. आकडा नसेल तिथे सुराने फरक पडत नाही असं समजू नका, फक्त त्या ठिकाणी त्याची गरज नाही.

हे अक्षर दिसतं कसं?

दोन भाग शेजारी शेजारी. डावीकडचा अरुंद भाग देवाधर्माच्या अक्षरांत येतो: देव, पूर्वज, पूजा, आशीर्वाद या सगळ्यांच्या डावीकडे तोच असतो. उजवीकडचा रुंद भाग स्वतंत्रपणे लिहिला तर ‘एकेरी, एकटा’ अशा अर्थाचं तान्-१ हे अक्षर होतं.

इथेच एक लोकप्रिय गैरसमज आहे. ‘देवापुढे एकटं बसणं म्हणजे ध्यान, म्हणून हे दोन भाग एकत्र आले’ असं स्पष्टीकरण योगवर्गांत आणि टी-शर्टांवर सर्रास दिसतं. ऐकायला गोड आहे, पण खरं नाही. इ. स. १००च्या सुमारास श्यू शेन् याने केलेल्या चिनी अक्षरकोशात या अक्षराची फोड स्पष्ट आहे: डावा भाग अर्थासाठी, उजवा भाग फक्त ध्वनीसाठी, आणि अर्थ ‘आकाशाची पूजा’. त्यात ध्यानाचा मागमूसही नाही.

मग अर्थ नेमका कोणता?

दोन गट आहेत.

षान्-४ हा जुना गट. सम्राटाने करायचा पूजेचा विधी: वरच्या कोशात आकाशाचा, प्रत्यक्ष विधीत पृथ्वीचा. आणि गादी दुसऱ्याच्या स्वाधीन करणं, विशेषतः स्वतःच्या मुलाला डावलून लायक माणसाला देणं. एकामागून एक जागा घेणं, पालटणं हाही अर्थ त्याच कुळातला.

छान्-२ हा नवा गट, म्हणजे ‘नवा’ असला तरी अठराएकशे वर्षांचा. ध्यान, ध्यानमार्गी बौद्ध पंथ, आणि त्या पंथाशी जोडलेली कुठलीही गोष्ट: मठ, गुरू, दंड, चहाची खोली.

एका अक्षराला दोन उच्चार का?

बौद्ध भिक्षूंनी संस्कृत-प्राकृत शब्द चिनीत नेताना दोन वाटा वापरल्या. काही शब्दांसाठी नवीच अक्षरं घडवली. ‘मार’साठी मो-२, ‘संघ’साठी सङ्-१, ‘थूप’ म्हणजे स्तूपासाठी था-३ ही अक्षरं बौद्ध गरजेतूनच जन्माला आली, त्यामुळे त्यांना जुना अर्थ चिकटलेला नाही. ‘ध्यान’साठी मात्र आधीच असलेलं अक्षर उसनं घेतलं. ध्वनी जुळत होता, आणि डावीकडे देवाधर्माची खूण आयती मिळत होती. जुन्या घरात नवा भाडेकरू आला आणि मूळ मालकही तिथेच राहिला, असा हा प्रकार.

उजवा भागही काही साधा नाही. तो एकटा लिहिला तर सहसा तान्-१, आडनाव म्हणून षान्-४, आणि श्योङ्नू टोळ्यांच्या राजाच्या पदवीत छान्-२. म्हणजे आपल्या अक्षराचे दोन्ही उच्चार त्या भागाच्या पोटात आहेतच. हाच भाग कीटकाच्या खुणेला जोडला की छान्-२, म्हणजे झाडावर किर्र करणारा सिकाडा; भाल्याच्या खुणेला जोडला की चान्-४, म्हणजे युद्ध.

‘ध्यान’ आणि ‘छान्’ यांत साम्य काहीच दिसत नाही. ध चा छ झाला कसा?

ध चा छ झालाच नाही. चिनी लोकांच्या कानावर ‘ध्यान’ पडलं नव्हतं, ‘झान’ पडलं होतं.

पालीत ध्यानाला झान म्हणतात, महाराष्ट्री प्राकृतात झाण. संस्कृतातला ध्य प्राकृतात झ होतो, आणि हा नियम मराठी माणसाला शिकवायची गरज नाही, कारण तो आपण रोज बोलतो. संध्या, संझा, सांज. वंध्या, वंझा, वांझ. मध्य, मज्झ आणि त्यावरून माजघर. ‘ध्यान’ हा तत्सम शब्द आपण संस्कृतातून पुन्हा उचलला (आणि ‘काय ध्यान आहे!’ म्हणत त्याची थट्टाही केली); पण तो शब्द प्राकृताच्या वाटेने आला असता तर आज आपणही झाण किंवा झान असंच काहीतरी म्हणत असतो.

त्या काळी या चिनी अक्षराचं पहिलं व्यंजन घोष होतं, म्हणजे ज-झच्या घरातलं. म्हणून ‘झान’साठी दोन अक्षरं जोडली: आपलं अक्षर आणि पुढे ‘ना’. आजच्या उच्चारात छान्-२ ना-४. चिनी भाषेला लांब परके शब्द पेलवत नाहीत, त्यामुळे ‘ना’ गळालं आणि एकच अक्षर उरलं. पुढे मँडरिन चिनीतली ज-झसारखी घोष व्यंजनं अघोष झाली, ज-झचा छ झाला. झान ते छान् हा प्रवास असा टप्प्याटप्प्याने झाला आहे.

शब्द उसना घेण्याऐवजी त्याचं भाषांतर का केलं नाही?

केलं होतं. जुने अनुवादक ‘चिंतनाची साधना’ अशा अर्थाची तीन अक्षरं वापरत. सातव्या शतकात युआन श्वांग (जुन्या पुस्तकांतला ह्युएन त्सांग) याने ‘शांत विचार’ असा दोन अक्षरी प्रतिशब्द आग्रहाने चालवला: चिङ्-४ ल्यू-४. त्याच्या शिष्यपरंपरेच्या ग्रंथांत तो सापडतो, बोलण्यात मात्र रुजला नाही. तोवर छान्-२ लोकांच्या तोंडी बसलं होतं.

हाच युआन श्वांग पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला. त्याने ‘महाराष्ट्र’ हे नाव चार चिनी अक्षरांत लिहून ठेवलं. आजच्या उच्चारात ते मो-ह-ला-छा असं वाचलं जातं. त्यात ‘छा’ का, असं वाटलं तर वरचाच मुद्दा आठवा: आजचा उच्चार त्याचा नव्हे. परक्या नावांचे चिनी उच्चार आजच्या चिनीत वाचले की हमखास विचित्र वाटतात.

छान्-२ नेमका म्हणायचा कसा?

आपला ‘छान’ शब्द जवळ जातो, पण तीन ठिकाणी फसवतो.

पहिलं, जागा. मराठी छ म्हणताना जिभेचा पसरट भाग टाळूला टेकतो. चिनीत असा ध्वनी आहे, पण तो वेगळा. रोमन लिपीत तो क्यू अक्षराने लिहितात. आपल्याला हवा तो छ मूर्धन्य आहे. ‘ठ’ म्हणायला तोंड उघडा आणि जिभेचं टोक वर वळून टाळूला लागलं की तिथेच थांबा. आता ते टोक झटक्यात न सोडता हळू सोडा, म्हणजे ठ फुटायच्या ऐवजी घासत बाहेर येईल. तो घासणारा छ म्हणजे चिनी छ.

दुसरं, श्वास. तोंडासमोर दोन बोटांवर कागदाची पातळ पट्टी धरा. छान्-२ म्हणताना पट्टी हललीच पाहिजे. चान्-४ (युद्ध) म्हणताना हलता कामा नये. इथे मराठी वाचकांची सर्वांत मोठी चूक होते, आणि तिचं कारण इंग्रजी आहे. रोमनमध्ये सी-एच-ए-एन असं दिसलं की आपण चेक, चेन, चान्स यांच्या सवयीने ‘चान’ वाचतो. श्वास नसलेला ‘चान’ चिनी कानाला झेड-एच (रोमनमध्ये चान्-४ चा च असा लिहितात) वाटतो, आणि तुम्ही ध्यानपंथाऐवजी युद्धाबद्दल किंवा बसस्टॉपबद्दल बोलताय असा समज होतो.

तिसरं, सूर. दुसरा सूर मधून उंच चढतो. कोणी नाव घेऊन हाक मारल्यावर आपण आश्चर्याने ‘काय?’ म्हणतो, तेव्हा आवाज जसा वर जातो, तसाच. मराठीत ‘छान!’ म्हणताना आवाज खाली येतो, आणि खाली आलेला छान्-४ म्हणजे पश्चात्ताप. गंमत म्हणजे तो शब्दही आपल्याकडचाच, ‘क्षमा’चा चिनी अवशेष.

शेवटचा न स्वच्छ न राहू द्या, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवून. तो नाकात ढकलून ‘छांग’ केलात तर ‘लांब’ किंवा ‘नेहमी’ असा अर्थ निघतो. आ मराठीपेक्षा आखूड.

आणि षान्-४?

पोटफोड्या ष. षट्कोन, भाषा हे शब्द आपण लिहितो ष ने आणि बोलतो श ने. इथे तसं चालणार नाही. जीभ छ च्याच जागी, फक्त टाळूला न टेकवता. सूर चौथा: कुत्र्याला ‘हाड्!’ म्हणताना आवाज जसा वरून खाली आपटतो तसा.

सूर चुकून पहिला लागला तर षान्-१ म्हणजे डोंगर. हे वरवर किरकोळ वाटेल, पण फङ्-१ षान्-४ म्हणजे सम्राटाचा महाविधी, आणि फङ्-१ षान्-१ म्हणजे डोंगरावर जायला बंदी. बर्फ पडल्यावर किंवा वणव्याच्या दिवसांत चिनी डोंगरांवर हा दुसरा शब्द पाटीवर लिहिलेला असतो. विधी डोंगरावरच होत असे, त्यामुळे संदर्भानेही चूक सावरत नाही.

वाचताना कोणता उच्चार घ्यायचा, हे कसं ठरवायचं?

आधी शेजारचं अक्षर पाहा. बसणं, पंथ, गुरू, स्थिर, खोली, मठ, मन, दंड यांपैकी काही असेल तर छान्-२. सोडून देणं, पद, स्वीकारणं, किंवा वर आलेला फङ्-१ असेल तर षान्-४.

शेजारी काहीच नसेल आणि वाक्यात हे अक्षर क्रियापद असेल, म्हणजे अमुक राजाने अमुक टेकडीवर ‘षान् केलं’, तर षान्-४. ग्रंथ इ. स.च्या दुसऱ्या शतकाच्या आधीचा असेल तर विचारच करू नका, षान्-४. चीनमधला ध्यानविषयक अनुवादांचा ओघ इ. स. १४८च्या सुमारास लुओयाङला आलेल्या आन् श-काओपासून सुरू होतो. त्याआधी ‘ध्यान’ हा अर्थ असूच शकत नाही.

अडचण येते ती उलट बाजूने. तांग काळातल्या कवितेत एखाद्या राजाने ‘षान् केलं’ आणि पुढच्याच ओळीत भिक्षू ‘छान्’ला बसला, असं होऊ शकतं. मोठ्याने वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर अशा ठिकाणी अडखळतात, कारण ध्यानाचा अर्थ आजच्या मजकुरात कितीतरी जास्त वेळा येतो. जुना इतिहास ऐकत असाल आणि ‘राजाने झेन पद सोडलं’ असलं काही कानावर आलं, तर मूळ अक्षर काढून बघा.

षान्-४ चा विधी म्हणजे काय होतं?

शान्तुङ प्रांतातल्या थाय पर्वतावर सम्राटाने जाऊन केलेली जोडपूजा. माथ्यावर मातीचा ओटा रचून आकाशाची पूजा, तिला फङ्. पायथ्याशी एखाद्या लहान टेकडीवर जमीन साफ करून पृथ्वीची पूजा, ती षान्. दोन्ही मिळून फङ्-षान्. ‘माझं राज्य स्थिरावलं, आकाशाने मला मान्यता दिली’ असं आकाशालाच कळवायचा हा प्रकार, आणि खर्च इतका की बहुतेक सम्राट त्याच्या वाटेला गेलेच नाहीत.

थाय पर्वतावर ज्यांनी तो केला ते: छिन श्-ह्वाङ, इ. स. पू. २१९. हान वंशाचा वू, इ. स. पू. ११०, ज्याने त्यावरून नवा शककालच सुरू केला. हान वंशाचाच क्वाङ्-वू, इ. स. ५६. तांग वंशाचा काओ-चुङ ६६६ मध्ये आणि श्वेन्-चुङ ७२५ मध्ये. शेवटचा सुंग वंशाचा चेन्-चुङ, १००८. त्यानंतर थाय पर्वतावर कोणीच नाही.

यातले दोन विधी आज हाताने मोजता येतात. षान् पूजेत पृथ्वीला उद्देशून मजकूर पातळ पट्ट्यांवर कोरून पुरत असत. श्वेन्-चुङच्या १५ आणि चेन्-चुङच्या १६ पट्ट्या १९३१ मध्ये थाय पर्वताच्या पायथ्याशी एकत्र सापडल्या. आता त्या तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहेत. एकाच्या पट्ट्यांत दुसऱ्याच्या पट्ट्या कशा आल्या, हा प्रश्न लगेच मनात येतो. उत्तर असं की दोघांनी जवळपास एकाच जागी पुरलं होतं.

शाओलिन आणि या अक्षराचा संबंध आहे असं म्हणतात. कोणत्या अर्थाने?

दोन्ही अर्थांनी, आणि चीनमध्ये अशी जागा दुसरी नसावी.

सम्राज्ञी वू त्स-थ्येन् हिने ६९६ साली थाय सोडून हनानमधल्या सुंग पर्वतावर हा विधी केला. फङ् सुंगच्या माथ्यावर, आणि षान् शेजारच्या शाओ-ष् पर्वतावर. या घटनेची आठवण म्हणून तिथल्या तालुक्याचं नाव तङ्-फङ् केलं, म्हणजे ‘चढून फङ् केला’. आजही शहराचं नाव तेच आहे.

शाओ-ष् पर्वताच्या पायथ्याच्या रानातला मठ म्हणजे शाओलिन. नावाचा अर्थही ‘शाओ-ष्चं रान’ असाच. ४९५ साली भारतातून आलेल्या भिक्षूसाठी तो बांधला गेला, आणि छान् पंथाचा आद्य गुरू मानल्या जाणाऱ्या बोधिधर्माची कथा परंपरेने तिथे जोडली. म्हणून छान्-२ पंथाचं जन्मस्थान म्हणून त्याला मान आहे. पर्वतावर षान्-४, पायथ्याला छान्-२. अक्षर एकच.

‘तीन राज्यां’च्या प्रसिद्ध चिनी गोष्टीतला, शू राज्याचा शेवटचा राजा लिउ छान् की लिउ षान्?

लिउ षान्, असं अभ्यासकांचं झुकतं माप आहे आणि आमचंही. पुरावे दोन. त्याचं प्रौढपणीचं नाव कुङ्-स्, यात ‘स्’ म्हणजे वारस, उत्तराधिकार; गादी सोपवण्याच्या अर्थाशी ते जुळतं, ध्यानाशी नाही. दुसरा जास्त पक्का: त्याच्या आधी त्याचा बाप लिउ पेइ याने दत्तक घेतलेल्या मुलाचं नाव लिउ फङ्. एका मुलाचं फङ्, दुसऱ्याचं षान्, असं नाव ठेवणाऱ्या बापाच्या डोक्यात सम्राटपदाचा महाविधी होता, असं मानतात. तरीही चीनमध्ये बोलताना छान् म्हणणारे भेटतात. वाद टाळायचा असेल तर आतौ या पाळण्यातल्या नावाने बोला, ते सगळ्यांना कळतं. (पराभूत झाल्यावरही मजेत राहिलेला, असा त्याचा लौकिक आहे.)

जुन्या चिनी कोशात रोमन लिपी नव्हती. मग उच्चार कसा लिहायचे?

दोन अक्षरांची जोडी देऊन. पहिल्याचं व्यंजन घ्यायचं, दुसऱ्याचा उरलेला भाग आणि सूर. आपण क आणि आ मिळून का म्हणतो तसंच, फक्त सुटी व्यंजनं लिहायची सोय नसल्याने पूर्ण अक्षरं वापरायची. या पद्धतीला फान्-छ्ये म्हणतात.

१००८च्या क्वाङ्-युन् या यमककोशात आपलं अक्षर दोनदा येतं. एकदा ष्-४ अधिक ल्येन्-२, अर्थ शांत. दुसऱ्यांदा ष्-२ अधिक चान्-४, अर्थ विधी आणि राज्य सोपवणं. दुसरी जोडी आजच्या उच्चारातही षान्-४ देते. पहिलीतून मात्र ‘ष्येन्’ असं काहीतरी निघतं, छान् नव्हे. कोश चुकलेला नाही. हजार वर्षांत ष्-४ चं जुनं व्यंजन एका सुरात बहुतेकदा छ झालं आणि बाकीच्या सुरांत ष झालं. छान् आणि षान् हे दोन उच्चार त्याच फाट्यावर वेगळे झालेत. ज्या जुन्या व्यंजनाचे असे दोन वंशज झाले, त्याला चिनी ध्वनिशास्त्रात चक्क याच अक्षराचं नाव आहे.

आणि १००८ हे साल परत वाचा. ज्या वर्षी चेन्-चुङने शेवटचा षान् विधी केला, त्याच वर्षी त्याच्याच दरबारातून हा कोश निघाला.

जपानी, कोरियन, व्हिएतनामी, कँटोनीज: सगळ्यांचे उच्चार वेगळे का?

सगळ्यांनी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या ठिकाणाहून उसने घेतले. जपानीत झेन: चिनीतलं घोष व्यंजन जपानीने जपलं, म्हणून ‘झान’च्या मूळ ध्वनीला चिनीपेक्षा जपानी जवळ आहे. कोरियनमध्ये ‘सॉन्’. व्हिएतनामीत ‘थिएन्’, आणि तो थ अगदी मराठी थ. कँटोनीजमध्ये ‘सिम्’, शेवटी म. न चा म का झाला याचा नियमात बसणारा खुलासा नाही, तो तसाच पाठ करायचा.

जपानी आणि कोरियन भाषांत दोन्ही अर्थांना एकच उच्चार आहे. म्हणून जपानी शिकून मग चिनीकडे वळलेले विद्यार्थी गादी सोडण्याच्या शब्दातही छान्-२ म्हणतात. व्हिएतनामीने सुराने फरक राखला आहे.

मराठीत ‘झेन’ लिहावं का?

रूढ झालंय, लिहावं. पण बोलताना हे लक्षात ठेवा की जपानीत श्वास नाही. ‘जाड’ मधला ज घ्या, त्याला ए लावा, म्हणजे झालं. ‘झेंडा’ मधला झ नको. देवनागरीत या दोन ज साठी वेगळी खूण नसल्याने हा घोटाळा अटळ आहे. चिनी पंथाबद्दल लिहिताना आम्ही ‘छान’ पंथ पसंत करतो, जरी वाचकाला पहिल्यांदा ‘चांगला पंथ’ असं वाटून हसू आलं तरी. ‘चान’ मात्र नको, कारण वर दिलंच आहे.

कोणत्या अक्षरांशी गल्लत होते?

सर्वांत वाईट गल्लत एका ठिपक्याची. डावीकडच्या देवाधर्माच्या खुणेत एक छोटी रेघ वाढली की ती कपड्यांची खूण होते, आणि अक्षर बनतं तान्-१: अस्तर नसलेलं, एकेरी वस्त्र. छाङ्शा शहरातल्या मावाङ्तुइच्या थडग्यात १९७२ मध्ये असं रेशमी जाळीदार वस्त्र सापडलं. लांबी १२८ सेंटीमीटर, वजन ४९ ग्रॅम, म्हणजे घडी घालून मुठीत मावेल. त्याचं नाव लिहिताना चिनी मजकुरातही हटकून आपलं ध्यानाचं अक्षर पडतं आणि वाचणारा ‘ध्यानवस्त्र’ वाचतो. त्यात ध्यान काही नाही, फक्त अस्तर नाही. कारण साधं आहे: कपड्याचं अक्षर फार कमी वापरलं जातं, कीबोर्ड ते खाली ढकलतो, आणि घाईत शेजारचं निवडलं जातं.

दुसरी गल्लत कानाची. छान्-२ ना-४ म्हणजे ध्यान, आणि छा-४ ना-४ म्हणजे क्षण. दोन्ही संस्कृतातूनच गेलेले. पहिल्यात न दोनदा ऐकू आला पाहिजे, ‘अन्न’ म्हणताना येतो तसा.

लिहायचा क्रम?

आजच्या सोप्या चिनी रूपात १२ रेघा. डावीकडे चार: वर ठिपका, आडवी रेघ, जी वळून तिरकी डावीकडे खाली येते, उभी, आणि उजवीकडे छोटा ठिपका. उजवीकडे आठ: वर दोन ठिपके, एकमेकांकडे झुकलेले, मग चौकटीची डावी उभी, वरून वळून उजवी बाजू, मधली आडवी, तळाची आडवी, चौकटीखाली एक लांब आडवी, आणि शेवटी चौकटीच्या माथ्यापासून सरळ खाली, सगळं छेदत जाणारी उभी. ही शेवटची उभी रेघ आधी काढली तर अक्षर कलंडतं. डाव्या भागाला रुंदीचा एक तृतीयांश द्या, जास्त नाही.

जपानी रूपात १३, कारण वर दोनऐवजी तीन ठिपके. तैवानमध्ये चालणाऱ्या पारंपरिक रूपात १७: डावी खूण पाच रेघांची, आणि ठिपक्यांच्या जागी दोन छोट्या चौकटी.

फोनवर चिनी टाइप केलं आणि तीन ठिपके आले. काय चुकलं?

टाइप बरोबरच झालंय. सोप्या चिनी आणि जपानी रूपाला युनिकोडमध्ये एकच क्रमांक आहे, ७९८५. दोन ठिपके की तीन, हे फॉन्ट ठरवतो. यंत्राची भाषा जपानी असेल, किंवा दस्तऐवजाला भाषेची खूणच नसेल, तर जपानी रूप उमटू शकतं. मजकुराची भाषा ‘चिनी, सोपी’ अशी लावा आणि चिनी फॉन्ट निवडा. पारंपरिक रूपाचा क्रमांक वेगळा आहे, ७९एए. ते फॉन्टने बदलत नाही.

टॅटू किंवा बोधचिन्ह करायचं असेल तर कारागिराला मजकूर पाठवू नका, चित्र पाठवा. आणि छापण्याआधी ठिपके मोजा: वरचे, आणि डावीकडचे तर नक्कीच.

टाइप करताना एकटं अक्षर शोधत बसू नका, सी-एच-ए-एन वर डझनभर पर्याय येतात. ‘बसून ध्यान’ किंवा ‘ध्यानपंथ’ असा पूर्ण शब्द टाका, पहिल्याच ओळीत मिळेल.

आजच्या बोलीभाषेत हे अक्षर कुठे भेटतं?

खौ-३ थौ-२ छान्-२ या शब्दात, आणि तो धर्माशी काही संबंध नसलेला माणूसही रोज वापरतो. शब्दशः ‘तोंडातलं ध्यान’. आधी त्याचा अर्थ होता साधना न करता नुसत्या मोठमोठ्या गोष्टी बोलणं. आता अर्थ उरलाय पालुपद: ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं ‘म्हणजे कसंय ना’, ‘काय सांगू तुला’. दुसरा शब्द ‘रानकोल्ह्याचं ध्यान’, ये-३ हू-२ छान्-२: मार्ग चुकलेली, अर्धवट विद्या. चित्रकलेपासून औषधोपचारापर्यंत कुठल्याही भोंदू जाणकारासाठी तो वापरतात, आणि तो तोंडावर म्हटला तर पुढचा माणूस नक्की चिडतो.